कोळसा सोडायची तारीख कोण ठरवणार? (परळी, जालना आणि जगाचं राजकारण)

परळीचा_पोरगा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळायलाय, इथं थर्मलवाले (कोळशाच्या वीजकेंद्रातले), शेतीवाले, कंपनीवाले सगळेच आहेत म्हणून धागा काढतोय. लांब होईल, पण वाचा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेमला कॉप-३०, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची दरवर्षीची हवामान परिषद झाली. ऐंशीच्या वर देश म्हणत होते की कोळसा, तेल, गॅस कसा आणि कधी सोडायचा याचा निदान रोडमॅप तरी ठरवू, ब्राझीलचे अध्यक्ष लुला स्वतः त्याच्या मागं होते. शेवटी जो मसुदा मंजूर झाला त्यात जीवाश्म इंधनांचा उल्लेखच नाही, तेल विकणाऱ्या देशांनी अडवून धरलं. त्याच्या दोन वर्षं आधी दुबईत, म्हणजे २०२३ ला, पहिल्यांदा लिहून घेतलं गेलं होतं की ऊर्जेसाठी जीवाश्म इंधनांपासून दूर जायचं आणि ते न्याय्य पद्धतीनं करायचं, आणि त्या परिषदेचे अध्यक्ष कोण तर सुलतान अल जाबेर, अबूधाबीच्या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख. पॅरिसच्या २०१५ च्या करारात तर तेल-कोळशाचं नावसुद्धा नाही. १९९२ ला हवामानावर करार करायला रिओत सगळे जमले तिथपासून धरा, किती वर्षं गेली.

आता परळीत बसून मी हे का लिहायलोय. आमच्याकडं १९७१ पासून थर्मल आहे. ३० मेगावॅटचे दोन संच होते, मग २१० चे तीन आले, ते सगळे आता भंगारात गेले, आज २५० चे तीन चालतात. माझे वडील ठेकेदाराकडं कोळसा हाताळणीला होते, मी राखेच्या विटांच्या धंद्यात आहे. म्हणजे दोन पिढ्या त्याच चिमणीवर जगल्या. आणि त्याच चिमणीची राख आमच्या घरातल्या पाण्याच्या माठावर पण बसते, उन्हाळ्यात वारं सुटलं की राखेच्या तळ्याकडून असा पांढरा लोट येतो की रस्त्यावरची गाडी दिसत नाही. दोन्ही खरं आहे.

२०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून सगळे संच बंद पडले होते. तेव्हा बघितलंय मी. परमनंट लोकांचा पगार चालू राहिला, ठेकेदाराची माणसं घरी बसली, ट्रकवाले हप्ते थकले म्हणून गाड्या विकायला लागले, चहाची टपरीसुद्धा चालंना. ती बंदी तात्पुरती होती. कायमची झाली तर?

माझं म्हणणं एवढंच आहे. कोळसा आज ना उद्या जाणार, जायलाच पाहिजे. पण तो कधी आणि कुणाच्या खर्चानं जाणार हे ठरवणाऱ्या टेबलावर परळीसारख्या गावाचं नावच नाही, ना बेलेममध्ये, ना दिल्लीत, ना मुंबईत. तुमच्या भागात काय वाटतं सांगा.


गोदाकाठचे_सर (नांदेड)

चांगला धागा काढलास. मी अर्थशास्त्र शिकवतो, पोरांना हे सांगताना नेहमी एक गोष्ट आधी सांगतो, की हे भांडण हवेचं कमी आणि हिशोबाचं जास्त आहे.

रिओत १९९२ ला एक तत्त्व ठरलं, जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही. ज्यानं आधीपासून जास्त जाळलं त्यानं आधी कमी करायचं आणि बाकीच्यांना पैसा-तंत्रज्ञान द्यायचं. औद्योगिक क्रांतीपासून आजवर जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला त्यातला साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. आजही माणशी बघितलं तर अमेरिकन माणसाचं वर्षाला १४ टनांच्या आसपास, आपलं २ टनांच्या आसपास. तरी १९९७ ला क्योटो करार व्हायच्या आधीच अमेरिकन सिनेटनं ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला की गरीब देशांवर बंधन नसलेला करार आम्हाला नको. शून्य विरोधी मतं! दोन्ही पक्ष एकत्र. मग पॅरिस करारात आले, ट्रम्पनी काढलं, बायडेननी परत आणलं, जानेवारी २०२५ ला ट्रम्पनी परत काढलं. असा भागीदार असल्यावर दुसऱ्यांनी कशाच्या भरवशावर आपली चूल बदलायची?

पैशाचं पण तसंच. २००९ ला कोपनहेगनमध्ये शब्द दिला की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. ते भरले २०२२ ला, आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा, म्हणजे परत फेडायचा. २०२४ ला बाकूच्या कॉपमध्ये गरीब देश वर्षाला १.३ ट्रिलियन मागत होते, मिळालं काय तर २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज करू असं आश्वासन. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तिथंच उभं राहून हे आम्हाला मान्य नाही म्हणून सांगितलं, पण तोवर हातोडा पडला होता.


रोखठोक_परभणी

सर म्हणाले तेच मी म्हणतो पण अजून सरळ म्हणतो. दोनशे वर्षं त्यांनी जाळून घेतलं, कारखाने उभे केले, रस्ते झाले, आता आमची पाळी आली की म्हणायचं बंद करा. ग्लासगोच्या कॉपमध्ये २०२१ ला भारतानं शेवटच्या क्षणी कोळसा 'संपवणं' काढून 'कमी करणं' टाकायला लावलं तर सगळ्या जगानं आपल्याला शिव्या घातल्या. काऊन? तेल आणि गॅसचं नाव त्या वाक्यात होतं का? नव्हतं. कोळसा गरिबाकडं आहे म्हणून त्याचं नाव, तेल-गॅस श्रीमंताकडं आहे म्हणून गप्प. पुढच्या वर्षी इजिप्तमध्ये भारत म्हणाला बरं मग सगळीच जीवाश्म इंधनं कमी करायचं लिहा, तर ते लिहिलं नाही. आज जगात सगळ्यात जास्त तेल काढणारा देश अमेरिका आहे आणि एलएनजी (द्रवरूप गॅस) विकण्यात पण तीच पहिली. माझं मत, आपण आपला कोळसा जाळावा, खेड्यातल्या पोरांना आधी कारखाने मिळू द्या, मग बघू.


मांजराकाठची (लातूर जिल्हा)

परभणीचे दादा, तुमचा राग बरोबर आहे पण तो घेऊन मी शेतात काय करू सांगा.

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, सगळ्या देशानं बघितलं. आणि सप्टेंबर २०२५ ला त्याच मराठवाड्यात मांजरा, सीना, गोदावरी सगळ्या पात्र सोडून वाहिल्या, उभं सोयाबीन गेलं, नुसतं पीक नाही तर माती खरवडून गेली, विहिरी गाळानं बुजल्या, जनावरं गोठ्यातच गेली. वरची माती तयार व्हायला किती काळ लागतो माहितीय ना. अमेरिकेनं जास्त जाळलं हे मी शंभर टक्के मानते, पण पाणी आलं ते माझ्या बांधावर. अमेरिका थांबंना म्हणून आपण पण जाळत बसू, हा न्याय मला पटत नाही, कारण त्यात मरणारे परत आपणच.

२०२२ ला इजिप्तमध्ये नुकसानभरपाईचा वेगळा निधी मान्य झाला, लॉस अँड डॅमेज म्हणतात त्याला. ते राजकारण मला जास्त जवळचं वाटतं. वानुआतू नावाचं एवढुसं बेटांचं राष्ट्र, त्यांनी पाठपुरावा करून करून हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला आणि जुलै २०२५ ला न्यायालयानं मत दिलं की हवामान सांभाळणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि जीवाश्म इंधनाचं उत्पादन, वापर, सबसिडी हे पण त्यात येऊ शकतं. बेटावरच्या कॉलेजच्या पोरांनी ते सुरू केलं होतं. एवढीशी माणसं करू शकतात आणि आपण नुसतं धाग्यावर बोलायचं का.


सळईवाला_जालना

जालन्याचं सांगतो. आमच्या एमआयडीसीत भट्ट्या विजेवर चालतात, भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड) वितळवून सळई काढायची. वीज येते कोळशातून, स्पंज आयर्न पण बहुतेक कोळशावरच बनतं. म्हणजे सळईच्या प्रत्येक टनामागं दोनदा कोळसा.

आता युरोपनं सीबॅम आणलंय. त्यांच्याकडं जाणाऱ्या लोखंड, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत यांच्यावर त्यात किती कार्बन आहे तो मोजून पैसे. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून खरा हिशोब सुरू झाला. आमची सळई मुख्यतः देशातच खपते म्हणून लोक म्हणतात आपल्याला काय. पण मोठ्या कंपन्यांचा जो माल युरोपात महाग पडंल तो देशातल्या बाजारात येणार, मग भाव पाडायची ताकद कुणाकडं, त्यांच्याकडं. आणि जो छोटा कारखानदार ट्रॅक्टरचे, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्याला स्टील देतो त्याला आता वरून विचारायलेत की तुमच्या स्टीलचा कार्बन किती. इथं विजेचं बिल भरता भरता नाकी नऊ येतात, कार्बन मोजणारा माणूस कुठून ठेवायचा.

भारत सरकार म्हणतं हा एकतर्फी व्यापार अडथळा आहे, बेलेममध्ये पण भारतानं जोर दिला तो यावर आणि पैशावर. मला ते बरोबर वाटतं. कारण सीबॅमचे पैसे जमा होणार युरोपच्या तिजोरीत, जालन्याची भट्टी बदलायला त्यातला रुपया येणार नाही. ग्लासगो, दुबई, बेलेम काहीही ठरो, आमच्यासाठी जागतिक राजकारण म्हणजे हा कर.


वाळूज_एमआयडीसी

सळईवाले भाऊ, आमच्याकडं उलट्या बाजूनं लागलंय. इलेक्ट्रिक गाड्या येणार म्हणून सगळे खुश, बिडकीनला एथर या इलेक्ट्रिक स्कूटरवाल्या कंपनीचा प्रकल्प, टोयोटानं पण तिथंच करार केलाय. पण एप्रिल २०२५ ला चीननं रेअर अर्थ मॅग्नेटच्या (दुर्मिळ धातूंच्या चुंबकांच्या) निर्यातीवर परवाना लावला आणि इलेक्ट्रिक मोटरीवाल्यांची धांदल उडाली, कारण मोटरीतलं मॅग्नेट जवळपास सगळं तिकडूनच येतं. सोलर पॅनेलचं पण तेच, जगातल्या पॅनेल बनवायच्या साखळीचा ८० टक्क्यांच्या वर भाग चीनकडं. आणि तोच चीन जगातला निम्म्याच्या वर कोळसा एकटा जाळतो. दोन्हीकडं तोच पहिला.

तेलासाठी आखाताकडं बघायचं, रशियाचं स्वस्त घेतलं तर ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेनं जादाचा २५ टक्के टॅरिफ लावला, एकूण ५० झाला. ते सोडून बॅटरीवर जावं तर चीनकडं बघायचं. लहान व्हेंडरला विचारा, इंजिनाचे पार्ट बनवणारं मशीन कर्जावर घेतलंय, इलेक्ट्रिक गाडीत तो पार्टच नाही. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, सायलेन्सर नाही. परळीसारखंच वाळूज पण आहे, फक्त इथं चिमणी नाही म्हणून दिसत नाही.


नांदेडचा_दुबईत

मी इकडं बारा-तेरा वर्षं आहे, थोडं इकडचं सांगतो. इथले लोक मूर्ख नाहीत, त्यांना पण माहितीय तेल कायम चालणार नाही. वाळवंटात केवढाले सोलर पार्क केलेत, अबूधाबीनं अणुवीज प्रकल्प उभा केला. पण त्यांचा हिशोब असा की घरची वीज सूर्यावर काढायची आणि वाचलेलं तेल-गॅस बाहेर विकायचं, जेवढे दिवस गिऱ्हाईक आहे तेवढे दिवस. २०२३ च्या परिषदेच्या वेळी ओपेकच्या (तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेच्या) सरचिटणीसांनी सदस्य देशांना पत्र लिहिलं होतं की इंधनाला लक्ष्य करणारा कुठलाही मजकूर नाकारा, ते पत्र फुटलं आणि जगभर छापून आलं.

आणि गिऱ्हाईक कोण, तर आपण. भारत लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून घेतो. म्हणून मला परभणीच्या भाऊंचं "आपला कोळसा जाळू" अर्धंच पटतं. कोळसा आपला असंल, तेल आपलं नाही. तेल कमी करण्यात आपला सरळ फायदा आहे, कुणी परिषदेत सांगितलं नाही तरी. इकडं तेलाचा भाव पडला की पहिला काट मराठवाडा, तेलंगण, केरळच्या पोरांच्या नोकरीवर पडतो, ते पण ह्या बदलातले कामगारच आहेत पण कुणी मोजत नाही.


परळीचा_पोरगा (धागाकर्ता)

सगळ्यांचं वाचतोय. मला एक उदाहरण सांगायचंय ज्याच्यामुळं मी हा धागा काढला.

दक्षिण आफ्रिकेत कोमाटी म्हणून जुनं कोळशाचं वीजकेंद्र होतं, १९६१ चं. ग्लासगोत २०२१ ला श्रीमंत देशांनी दक्षिण आफ्रिकेशी करार केला, कोळसा सोडायला ८.५ अब्ज डॉलर, जगात असा पहिलाच. ऑक्टोबर २०२२ ला कोमाटीचा शेवटचा संच बंद केला, वर्ल्ड बँकेनं ४९७ दशलक्ष डॉलर दिले, तिथं सोलर, वारा, बॅटरी, ट्रेनिंग सेंटर सगळं करायचं होतं. पण संच आधी बंद झाला आणि बाकीचं मागं राहिलं. परमनंट लोकांना कंपनीनं दुसरीकडं बदली दिली, ठेकेदाराची माणसं बेकार झाली, गावातली दुकानं, भाड्याच्या खोल्या रिकाम्या पडल्या. वाचताना मला २०१५ ची परळीच दिसायली होती, जशीच्या तशी. आणि मार्च २०२५ ला अमेरिकेनं त्या करारातून अंग काढून घेतलं.

दुसरीकडं जर्मनी बघा. त्यांनी २०२० ला कायदा केला, २०३८ पर्यंत कोळसा बंद, आणि कोळशाच्या भागांसाठी ४० अब्ज युरोपर्यंत तरतूद, त्याच्या आधी कामगार संघटना, राज्यं, पर्यावरणवाले सगळ्यांना एका आयोगात बसवलं. त्या तारखेवर पण टीका होते की फार उशिराची आहे, आणि ती टीका बरोबरच आहे. पण निदान गावाला माहिती आहे की कधी आणि काय मिळणार.

कोमाटीचा पैसा बाहेरून आला, तारीख पण बाहेरच्या घाईनं ठरली. आपलं तसं होऊ नये.


रिटायर्ड_इंजिनीअर (अंबाजोगाई)

वीज खात्यात आयुष्य गेलं म्हणून दोन गोष्टी.

एक, घाबरून जाऊ नका आणि गाफील पण राहू नका. जून २०२५ ला देशाची निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म झाली, २०३० चं लक्ष्य पाच वर्षं आधी गाठलं, हे अभिमानाचंच आहे. पण क्षमता वेगळी आणि युनिट वेगळं. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजून ७० टक्क्यांच्या आसपास कोळसाच आहे कारण सूर्य संध्याकाळी सहाला जातो आणि लोकांचे पंखे, टीव्ही, गिरण्या त्याच्यानंतर चालू होतात. बॅटरी किंवा पंप स्टोरेज (पाणी वर चढवून वीज साठवायची सोय) झाल्याशिवाय कोळसा हलत नाही. आपलं नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषून हिशोब शून्य करायचं, वर्ष २०७० आहे म्हणून लोकांना वाटतं अजून लई टाइम आहे. अहो, जुने आणि खाणीपासून लांब असलेले संच सगळ्यात आधी बंद पडतात, कारण तिथली वीज महाग पडते. परळीला कोळसा किती लांबून येतो बघा आणि पाण्याची बोंब बघा. परळीची तारीख २०७० नाही.

दोन, पैसा होता. २०१० ला कोळशावर टनामागं ५० रुपये स्वच्छ ऊर्जा सेस लावला, वाढवत वाढवत २०१६ ला ४०० केला. तो पैसा खरं तर ह्याच बदलासाठी होता. २०१७ ला जीएसटी आला आणि तो सेस राज्यांच्या भरपाईत वळवला, आणि सप्टेंबर २०२५ ला सेसच काढून कोळशावरचा जीएसटी ५ चा १८ टक्के केला. एवढ्या वर्षांत कोळशाच्या टनाटनावर जमा झालेल्या पैशातून कोळशाच्या गावांसाठी वेगळी थैली झाली असती. खाणीच्या जिल्ह्यांना २०१५ पासून जिल्हा खनिज निधी तरी आहे, चंद्रपूर-यवतमाळला मिळतो. परळीत खाण नाही म्हणून तो पण नाही. राख आमच्याकडं, निधी तिकडं. गोऱ्यांना हिशोब मागायचा तसा हा हिशोब पण मागितला पाहिजे.


सळईवाला_जालना

इंजिनीअर साहेब, सेसचं हे मला माहितच नव्हतं. जबरदस्त मुद्दा.


धाराशिवची_लेक

नव्या ऊर्जेचं पण एकदा बोला. आमच्या भागात पवनचक्क्या आणि सोलरसाठी जमिनी घेणारे दलाल गावोगाव फिरायलेत. माझ्या माहेरी एका कंपनीच्या माणसानं भाडेकरार केला, इंग्रजीत, वडिलांना वाचता येत नाही, रस्ता कुठून जाणार ते नंतर कळलं, तो उभ्या पिकातून गेला. बांधावरून भावकीत भांडणं लागली. कोळशाच्या वेळी गावाला कुणी विचारलं नाही, आता सूर्य-वाऱ्याच्या वेळी पण विचारंनात तर मग बदललं काय? सोलर पाहिजेच, दिवसा वीज मिळाली तर रात्री साप-विंचवात मोटर चालू करायला जावं लागणार नाही, माझा भाऊ आता दिवसा पाणी देतो, घरच्यांचा जीव भांड्यात पडलाय. पण करार मराठीत पाहिजे, ग्रामसभेपुढं वाचला पाहिजे.


मांजराकाठची (लातूर जिल्हा)

धाराशिवच्या ताईंना +१. आणि इथेनॉलचं पण कुणीतरी बोला. तेल आयात कमी करायची म्हणून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, ठरल्यापेक्षा पाच वर्षं आधीच. साखर कारखाने खुश, पण त्याच्यासाठी ऊस मांजरा-तेरणेच्या खोऱ्यात वाढवायचा का? डिसेंबर २०२३ ला दुष्काळामुळं सरकारनंच उसाच्या रसापासून इथेनॉलवर बंधन घातलं होतं. मका, ज्वारीचं धाट यातून होत असंल तर आमच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्यात घ्या. ब्राझीलनं १९७५ पासून इथेनॉल केलं, पण त्यांच्याकडचा पाऊस आपल्याकडं नाही.


रोखठोक_परभणी

मांजराकाठच्या ताई, तुमच्या मातीचं वाचून वाईट वाटलं, आमच्याकडं पण पूर्णा-दुधनाकाठी तेच झालं. तरी मी म्हणतो की श्रीमंतांनी आधी पैसा टेबलावर ठेवावा. पण इंजिनीअर साहेबांनी जो सेस सांगितला त्याचा प्रश्न आमदार-खासदारांना मी पण विचारणार, ते काही वॉशिंग्टनला विचारायचं काम नाही.


परळीचा_पोरगा (धागाकर्ता)

आता पुढचं. एप्रिल २०२६ ला कोलंबियातल्या सांता मार्टा इथं कोलंबिया आणि नेदरलँड्स मिळून जीवाश्म इंधनं सोडण्यावर वेगळी परिषद ठरली, बेलेममध्ये अडलं म्हणून. नोव्हेंबरला तुर्कस्तानात अंतल्याला कॉप-३१ आहे. तिथं आपण जाणार नाही. पण माहिती अधिकाराचा अर्ज परळीतून जाऊ शकतो. मी तीन गोष्टी विचारणार आहे, चालू तीन संच किती सालापर्यंत चालवायचे ठरलंय, ठेक्यावरच्या कामगारांची नोंद कुणाकडं आहे, आणि संच बंद केल्यावर राखेचं तळं कोण साफ करणार. ठेक्यावरच्या माणसांची यादीच नसंल तर उद्या भरपाई कुणाला देणार? कोमाटीत सगळ्यात आधी हीच माणसं वाऱ्यावर पडली.

अजून काय विचारावं ते सुचवा, अर्ज पुढच्या आठवड्यात टाकतोय.


माजलगावचा_शेतकरी

पहिल्यांदाच लिहितोय, आतापर्यंत नुसता वाचत होतो. दादा, चौथा प्रश्न टाका. थर्मलसाठी आमच्या धरणातलं पाणी राखून ठेवलेलं असतं, खडक्याच्या बंधाऱ्याला जातं. संच बंद झाले तर ते राखीव पाणी कुणाच्या नावावर होणार, शेतीच्या का दारूच्या कारखान्याच्या का नव्या कुठल्या एमआयडीसीच्या? आमच्याकडं खरं भांडण त्याच्यावर होणार आहे, आणि ते आत्ताच कागदावर घेतलं नाही तर ज्याचा वशिला त्याच्याकडं कालवा वळणार. अर्जावर माझी पण सही घ्या.